सर्वसंशयी आतडं

किमया तोडणकरचं आतडं भिंतीवर पसरलं होतं. चांगलं खिडकीपासून दारापर्यंत. गुलाबी, ओलं, जाड टॉवेलसारखं लवलवतं. त्याच्यासमोर हातात काठी घेऊन डॉ. बल्लाळ उभे होते, भूगोलाच्या सरांनी नकाशावर नद्या दाखवाव्यात तसे.

"हा शेंगदाणा," ते म्हणाले. काठी एका सुजलेल्या ठिपक्यावर टेकली. "हे दूध. हा गहू. ही लाल मिरची. हा बांगडा."

स्वतःचं आतडं इतकं मोठं बघायची वेळ कुणावर येऊ नये, असं किमयाला वाटलं. त्यातून ते नापास झालेलं असेल, तर मुळीच येऊ नये.

आणि ते नापास झालं होतं, तेही सगळ्या विषयांत. तीस पदार्थांचे तीस थेंब तिच्या आतड्याच्या भिंतीवर टाकले होते आणि तीसही ठिकाणी भिंत सुजली होती. शेजारच्या पडद्यावरचे तीस खांब एका उंचीचे, जणू कुणी वरून इस्त्री फिरवलेली.

हे सगळं चाललं होतं रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या सागरतळ केंद्रात. इथून पुढच्या महिन्यात सहा माणसं समुद्राच्या तळावरच्या 'शंखिनी' नावाच्या वस्तीत राहायला जाणार होती, सहा महिन्यांसाठी. किमया तेवीस वर्षांची, उमेदवारांत सगळ्यात लहान, पण बुडयान चालवण्यात तिचा हात धरणारं केंद्रात कुणी नव्हतं. बुडयान म्हणजे दोन माणसांची चिमुकली पाणबुडी. खडकांच्या फटीतून ती अशी काढायची की बघणाऱ्याने श्वास रोखावा. अडचण एकच होती आणि ती तिच्या पोटात होती. कधीही कळ यायची, पोट ढोलासारखं फुगायचं आणि मग धावावं लागायचं. शंखिनीत धावायला जागा नव्हती. खोल पाण्याच्या दाबातून वर यायचं, तर शरीराला हळूहळू मोकळं करत आणायला आठवडा लागतो. आणि सहा माणसांत शौचकूप एक.

सोमवारी नावं पक्की होणार होती. आज शनिवार.

"पण हे असं का होतं?" किमयाने विचारलं. बल्लाळांना नाही, डॉ. रुबीना मुकादमना. बल्लाळ केंद्राचे प्रमुख होते आणि त्यांना प्रश्न विचारला की ते उत्तराऐवजी भाषण देत. रुबीना त्यांच्या हाताखाली काम करायच्या आणि माणसासारखं बोलायच्या.

"सेरोटोनिन या रसायनाचं नाव काढलं की लोकांना मेंदू आठवतो," रुबीना म्हणाल्या. "पण शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. आतड्याच्या अस्तरात घंटापेशी असतात. घास आला की त्या सेरोटोनिन सोडतात. म्हणजे घंटा वाजवतात समज. नसा ती ऐकतात आणि आतडं घास पुढे ढकलतं. मग एक आवरतं प्रथिन येतं आणि सांडलेलं सेरोटोनिन उचलून घेतं. घंटा बंद."

"आणि माझी?"

"तुझी वाजत राहते. शाळा सुटली तरी."

रुबीनांनी मग पहारेकरी पेशींचं सांगितलं. या प्रतिकारसंस्थेच्या पेशी, आतड्याच्या भिंतीत नसांना खेटून उभ्या असतात. पोटात जंतू घुसले की पहारेकरी त्यांचा चेहरा ध्यानात ठेवतात. पण बाजारात चोराला पकडताना शेजारी उभा असलेला भला माणूसही कधी कधी मार खातो ना, तसं जंतू असताना पोटात जे अन्न असेल, त्याचाही चेहरा चोरांच्या रांगेत जाऊन बसतो. संसर्ग बरा होतो, जंतू जातात. वैर मात्र राहतं. पुढे ते अन्न पुन्हा आलं की पहारेकरी आपली रसायनं ओततात, आवरतं प्रथिन कमी पडतं, नसा हुळहुळ्या होतात आणि साधी घंटा कानात घण घातल्यासारखी वाजते. हे वैर फक्त आतड्याच्या भिंतीपुरतं. रक्त तपासलं तर त्यात काही सापडत नाही.

म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. स्मृतिशोधक कुपी नावाची एक गोळी गिळायची. ती लहान आतड्यात जाऊन थांबते, एकेका पदार्थाचा अर्क आतड्याच्या भिंतीवर टाकून बघते आणि तिच्यातला कॅमेरा ते चित्र बाहेर पाठवतो. पाण्याचा थेंब तिथे ओघळून जातो, म्हणून प्रत्येक अर्क गाळलेल्या कढणात कालवलेला असतो, म्हणजे तो जागेवर बसतो. ज्या थेंबाला भिंत सुजेल, तो वैरी. वैरी कळला की त्या एका पदार्थापुरती विस्मृतिलस करता येते. पहारेकऱ्यांना तो चेहरा विसरायला लावायचा आणि प्रकरण मिटवायचं.

"मग झालं की," किमया म्हणाली. "तीस वैरी मिळाले. करा लस."

"तीस मिळणं म्हणजे एकही न मिळणं," बल्लाळ म्हणाले. "असा माणूस कधी पाहिलाय, जो आजारपणात बांगडा, शेंगदाणे, बटाटा आणि आइस्क्रीम एकदम खात होता? ही आठवण नाही. याला आम्ही सर्वसंशयी आतडं म्हणतो. त्याला लस नाही. ते वरून येतं." आणि त्यांनी काठीचं टोक स्वतःच्या कपाळाला लावलं.

सर्वसंशयी आतडं हा शोध बल्लाळांचाच. त्यासाठी त्यांना मानाचं पदक मिळालं होतं आणि ते प्रयोगशाळेतच अशा जागी लावलेलं होतं की समोर बसणाऱ्याला दुसरीकडे बघताच येऊ नये. त्यांच्याकडे पुरावाही होता, आणि तो किमयानेच पुरवला होता. चौकशीच्या वेळी तिने भाबडेपणाने सगळं खरं सांगितलं होतं. दुखतं कधी? परीक्षेच्या दिवशी. मुलाखतीच्या दिवशी. निवडचाचणीच्या दिवशी. दुखत नाही कधी? अंदमानला महिनाभर सराव होता तेव्हा एकदाही नाही.

"अंदमानला काय खात होतात?"

तळलेले मासे, पराठे आणि रात्री नूडल्स, असं तिने सांगितलं.

"बघा. नको ते खाऊनही दुखलं नाही. कारण घर लांब आणि डोक्याला ताण नाही." बल्लाळांनी टेबलावरच्या थर्मासमधून एक घोट घेतला, स्वतःच्या पोटाच्या डाव्या बाजूला तळहात दाबून धरला आणि आवाज मऊ केला. "मनावर घेऊ नका."

झालं. ते तीन शब्द.

त्या तीन शब्दांवर सरकारने बंदी घालावी, असं किमयाचं प्रामाणिक मत होतं. दुखणं सुरू झाल्यापासून तिला ते इतक्या जणांनी ऐकवले होते की एकेकाला एकेक शहाळं द्यायचं ठरवलं, तर अख्खी नारळाची बाग रिकामी झाली असती. सल्ले तर त्याहून जास्त. ओवा चाव. हिंग बेंबीवर लाव. सकाळी कोमट पाणी पी. सकाळी पाणी अजिबात पिऊ नकोस. शेजारच्या खातूकाकूंनी लग्न झालं की थांबेल असं सांगितलं होतं. आतड्याचा आणि लग्नाचा संबंध काय, असं विचारल्यावर त्या गोड हसल्या होत्या. किमयाने चहा सोडला, मिरची सोडली, दूध सोडलं, फणस सोडला आणि शेवटी मासे सोडले. रत्नागिरीत राहून मासे सोडणं म्हणजे काय, ते रत्नागिरीबाहेरच्यांना कळायचं नाही. इतकं सगळं सोडूनही पोटाने काही हट्ट सोडला नाही. या रोगाचं नाव चिडकं आतडं. आता मात्र आतड्यापेक्षा तीच जास्त चिडली होती.

बाहेर पडली तोच बाबांचा फोन.

"खाल्लंस का?"

"बाबा, आत्ता माझं आतडं भिंतीवर बघून आलेय. भूक मेली."

"म्हणजे नाही खाल्लंस. आवाज का असा?"

तिने सांगितलं. सगळे खांब सारखे, सोमवारी नाव जाणार, आणि हे सगळं म्हणे मनातून येतं.  बाबा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, आणि कुठलंही इंजिन मनातून बिघडतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. आई मिरजेला नर्स, सुट्टीलाच घरी यायची. त्यामुळे लहानपणापासून किमयाचं दुखणंखुपणं आणि स्वयंपाक दोन्ही बाबांकडे.

"बाहेरचं काही खाऊ नको," ते म्हणाले. "डबा पाठवतो. हलकं काहीतरी."

डबा आला. मऊ, वाफाळती खिचडी, वर तुपाची धार. किमयाने मुकाट्याने खाल्ली. आणि रविवारी सकाळी नेहमीची कळ वेळेवर हजर.

तशीच पोट धरून ती धक्क्यावर गेली. घरी बसून दुखण्यापेक्षा कामावर दुखलेलं बरं. बुडयान क्रेनला टांगलेलं होतं, अजून हवेतच. प्रत्येक बुडीआधी खोलीचे काटे तपासायचे असतात. बुडयानाला ते तीन असतात, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. आज पहिला काटा पाण्याखाली दोन मीटर दाखवत होता. बुडयान कोरडंठाक लटकत असताना. दुसराही दोन मीटर. तिसराही.

नवशिका चालक इथे घाबरला असता. किमयाने फक्त जीभ टाळ्याला लावून चक् केलं. एक काटा चुकला तर काटा बिघडला. सगळे सारखेच चुकले तर काटे धडधाकट असतात, कुणीतरी शून्य चुकीच्या जागी लावलेलं असतं. तिन्ही काटे एकाच शून्यावरून मोजतात. तिने मुळाशी जाऊन शून्य जागेवर आणलं. तिन्ही काटे एकदम मागे आले.

आणि तिचा हात तिथेच थांबला.

सगळे सारखेच चुकले तर.

तीस खांब. एका उंचीचे. इस्त्री केल्यासारखे.

ती प्रयोगशाळेत पोचली तेव्हा रुबीना अर्कांच्या बाटल्या धूत होत्या. किमयाने धापा टाकत एकच विचारलं, की तीसही थेंबांत सारखं असं काय होतं.

"काहीच नाही. तीस वेगळे पदार्थ."

"ते कशात कालवले होते?"

"सांगितलं की, कढणात."

"कसलं कढण?"

"मुगाचं," रुबीना म्हणाल्या. मग त्यांनी हातातली बाटली हळूच खाली ठेवली.

किमया स्टुलावर बसली. तिला बारावीनंतरची सुट्टी आठवत होती. चुलतभावाच्या हळदीला कुठल्याशा टाकीतलं पाणी प्यायली होती आणि मग असे जुलाब लागले की दोन आठवडे अंथरुणात. काही पोटात ठरत नव्हतं. बाबांनी गॅरेज बंद ठेवलं होतं आणि वाटी-चमचा घेऊन ते उशाशी बसून असायचे. एक चमचा, मग थांबायचं. मग अजून एक. मुगाचं कढण. तेवढं एकच तिच्या पोटात राहायचं.

तेवढं एकच तिच्या पोटात होतं, जेव्हा पहारेकरी चेहरे लक्षात ठेवत होते.

मग बाकीचं सगळं आपोआप उलगडत गेलं, स्वेटरचा धागा ओढल्यासारखं. पोट दुखलं की बाबा मुगाची खिचडी करायचे. म्हणून दुसऱ्या दिवशीही दुखायचं. म्हणून पुन्हा खिचडी. परीक्षेच्या दिवशी पोटाने दगा देऊ नये म्हणून खिचडी. मुलाखतीच्या आदल्या रात्री खिचडी. अंदमानला मासे, पराठे, नूडल्स, आणि मुगाचा एक दाणा नाही.

"मी सगळं सोडलं," ती म्हणाली. "बांगडासुद्धा सोडला. आणि जे धरून ठेवलं ते..."

रुबीनांनी बल्लाळांना बोलावून घेतलं. रविवारी बोलावलं म्हणून ते आधीच तापलेले होते, काखेत थर्मास होता. ऐकून घेतल्यावर ते हसले. मूग, ते म्हणाले. बाळंतिणीला देतात तो मूग. आजाऱ्याला देतात, म्हाताऱ्याला देतात. आपल्याकडे सगळ्यात निरुपद्रवी पदार्थ कुठला, असं शेंबड्या पोराला विचारलं तरी ते मूगच सांगेल. म्हणून तर त्यांनी स्वतः अर्क कालवायचा आधारद्रव म्हणून तो निवडला होता.

"आणि डोळे मिटून निवडला नाही. शेकडो निरोगी माणसांवर तपासला. एकाचीही भिंत सुजली नाही."

"निरोगी माणसांवर, सर," रुबीना म्हणाल्या. "आजाऱ्याला मूग देतात, हे तुम्हीच आत्ता म्हणालात. मग मुगाशी वैर कुणाचं असणार? जे कधीतरी आजारी होते त्यांचं. तेच आपल्याकडे येतात."

 बल्लाळ म्हणाले की पाण्याची चाचणी पाण्याने करायची असते का, आणि असल्या खुळापायी एक कुपी वाया घालवायची नाही. किमयाच्या आत इतक्या वर्षांचं जे साचलं होतं, ते सगळं एका वाक्यात बाहेर आलं.

"सर, माझं खूळ असेल तर उद्या मी गप्प घरी जाईन, पण ते मनातलं नव्हे तर पोटातलं निघालं, तर तुम्ही मला परत ते तीन शब्द ऐकवायचे नाहीत."

या वेळी अर्क साबुदाण्याच्या पाण्यात कालवले. तेही थेंबाला धरून ठेवतं, आणि साबुदाणा किमयाने कधी आजारात खाल्लेला नव्हता. कुपी गिळली. दुपारपर्यंत ती जागेवर पोचली आणि भिंतीवर पुन्हा ते गुलाबी टॉवेलचं साम्राज्य पसरलं.

शेंगदाणा. भिंत शांत. दूध. शांत. लाल मिरची. किमयाने सवयीने पोट आवळून धरलं, पण काहीच झालं नाही. बांगड्याचा थेंब पडला आणि आतड्याने त्याला घरच्या माणसासारखं आत घेतलं. तीसच्या तीस. पडद्यावर खांब उगवलेच नाहीत.

"आता मूग," रुबीना म्हणाल्या.

थेंब पडला. क्षणभर काहीच नाही. मग त्याच्याभोवती भिंत पांढुरकी झाली, फुगली, उकळत्या दुधासारखी वर आली. पडद्यावर सेरोटोनिनची रेघ सरळ छताकडे निघाली आणि खाली येईचना. आणि किमया पोट धरून दुमडली. नेहमीचीच कळ होती, तिथेच, तशीच. पण त्या कळेला आता नाव होतं. इतकं दुखत असतानाही तिला हसू येत होतं, आणि हसलं की आणखी दुखत होतं.

रुबीनांनी तिला पाणी दिलं. मग त्या बल्लाळांकडे वळल्या.

"सर, तुमचं पोट कधीपासून दुखतं?"

बल्लाळांनी पोटावरचा हात काढला. तो तिथे आहे हे त्यांच्याही लक्षात नव्हतं. हॉस्टेलवर होतो तेव्हापासून, ते म्हणाले. मेसमध्ये विषबाधा झाली होती सगळ्यांना. मेसच्या मावशी फार चांगल्या, खोलीवर येऊन कढण पाजायच्या. तेव्हापासून ते रोज घेतात. औषध म्हणून.

बोलता बोलता ते थांबले. त्यांनी थर्मासकडे बघितलं. मग त्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो टेबलाखाली, पायाच्या मागे, दिसणार नाही असा ठेवला.

 भिंतीवर किमयाचं आतडं हळूहळू शांत होत होतं.

"आपण ज्यांना सर्वसंशयी म्हणून परत पाठवलं," बल्लाळ म्हणाले, "त्या सगळ्यांना मी सांगितलं, की मनावर घेऊ नका." ते पदकाच्या दिशेने बघत नव्हते. "बोलवा त्यांना. सगळ्यांना. आणि माझ्यासाठी एक कुपी भरा."

सोमवारी शंखिनीच्या यादीत किमयाचं नाव होतं. विस्मृतिलस तयार व्हायला काही दिवस लागणार होते. तोपर्यंत मूग टाळला की पुरे.

घरी सांगायचं तेवढं बाकी होतं, आणि समुद्राच्या तळाशी जाण्यापेक्षा ते अवघड होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात पोचली तेव्हा बाबा डाळ धूत होते. हिरवट-पिवळी डाळ, पाण्यात हात फिरवून, तीनदा, नेहमीसारखी. तिने नाव यादीत आल्याचं आधी सांगितलं. मग बाकीचं. घंटापेशी, पहारेकरी, शून्य, सगळं. बाबा पाठमोरेच ऐकत होते.

"म्हणजे मीच तुला..."

"तुम्ही नाही. माझ्या आतड्याची माणसं ओळखण्यात चूक झाली."

"चमचा चमचा भरवत होतो मी."

"बाबा, तेव्हा दुसरं काही राहत नव्हतं पोटात. ते नसतं भरवलंत तर आज चिडायला मीच नसते."

बाबांनी नळ बंद केला. डाळ तशीच राहू दिली. मग पिशवी घेऊन बाहेर गेले आणि बांगडे घेऊन आले. लाल मसाला फासून, रव्यात घोळवून त्यांनी ते खरपूस तळले. दोघं जेवायला बसली. किमयाने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि बाबा स्वतःचं जेवण सोडून तिच्या पोटाकडे बघत बसले, टाकीवर गळती शोधतात तसे. तिने दुसरा बांगडा घेतला. तिसरा घेतला. पोट गप्प होतं.

"लस घेतलीस की मूग चालेल?"

"चालेल. मला खिचडी परत हवीय, म्हणून तर घेतेय. नाहीतर नुसतं टाळूनही भागलं असतं."

बाबांना बरं वाटलं. पण ते इंजिनवाले. एक बिघाड निघाला की दुसरा कुठे होईल, ते आधी बघायचे.

"लस मुगापुरती," ते म्हणाले. "उद्या परत आजारी पडलीस, तर तेव्हा जे खाशील त्याच्याशी आतडं नवं वैर धरणार. मग तेव्हा द्यायचं काय तुला?"

हा प्रश्न सकाळी केंद्रातही निघाला होता. त्याला रुबीनांनी नावही दिलं होतं, त्यागान्न. आजारात तेच खायचं, जे पुढे आयुष्यभर मिळालं नाही तरी चालेल. आवडीचं काही त्या दिवसांत पोटात जाऊ द्यायचं नाही. शंखिनीतल्या सहाही जणांनी आपापलं त्यागान्न सांगायचं होतं. कुणी कारलं म्हणालं, कुणी दोडका. किमयाने अजून सांगितलं नव्हतं.

बाबांना विचार करायला वेळ लागला नाही. हिला लहानपणी ताटाखाली लपवताना त्यांनी कितीदा पकडलं होतं.

"शेपू," ते म्हणाले.

किमयाने तोंड वाकडं केलं. "तापात, बाबा? शेपूची भाजी?"

"चमच्या चमच्याने. उशाशी बसून."

"मी शिव्या घालीन."

"घाल," बाबा म्हणाले. मग ते उठले. भिजलेली डाळ त्यांनी अंगणात कोंबड्यांना टाकली आणि मुगाचा डबा पुसून फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यावर ठेवला, लस होईपर्यंत.